तीन दोरांवर चार बोटे वर

हा लेख मला लिहायचा नव्हता. गौरवग्रंथ समितीने दोनदा विनंती केली, दोन्ही वेळा मी नकार कळवला. तिसऱ्या वेळी समितीचे सचिव श्री. मनिराम मडावी यांनी श्री. श्रावण रामटेके यांचा जीवनपरिचय माझ्याकडे शुद्धलेखन तपासायला पाठवला. त्याच्या दुसऱ्या पानावर एक वाक्य आहे : "सेवेच्या उत्तरार्धातील एक किरकोळ प्रसंग वगळता त्यांची कारकीर्द निष्कलंक राहिली." शुद्धलेखनात चूक नाही. वाक्य मात्र खोटे आहे, आणि ते खोटे असल्याचा कागद फक्त माझ्याकडे होता.

त्या किरकोळ प्रसंगात लालसू नावाच्या वनमजुराचा डावा डोळा गेला. श्रावणभाऊंच्या सेवापुस्तकात 'कर्तव्यात हयगय' असा शेरा बसला. तो आजही तिथे आहे. पंचाहत्तरीनिमित्त त्यांना शाल, श्रीफळ, मानपत्र आणि हा ग्रंथ मिळेल. शेरा काढून द्यायचे मात्र कोणाच्या मनात आलेले दिसत नाही. तो निघावा एवढ्यासाठी मी लिहिते आहे. त्यांच्या गोड स्वभावाबद्दल इतर लोक लिहितीलच.

आमची पहिली भेट झाली ती त्यांनी मला दारात अडवले तेव्हा. ब्रह्मपुरीहून जीपने अर्ध्या तासावर, जंगलाच्या कडेला आमचे प्रशिक्षण केंद्र होते. वनखात्याच्या गस्त घालणाऱ्या रक्षकांना तिथे सहा सहा महिने शिकवत. मी भौतिकशास्त्रात बी.एस्सी. झालेली. नकाशावाचन आणि गणित शिकवायला माझी नेमणूक होती, आणि अक्षर चांगले म्हणून आवक-जावकही माझ्याकडे ढकलली होती. श्रावणभाऊ तिथले आर्मोरर, म्हणजे शस्त्रे राखणारे आणि दुरुस्त करणारे. लष्करात पंधरा वर्षे हेच काम करून खात्यात आलेले. शिक्षण सातवी.

मी यादी पडताळायला शस्त्रागारात गेले. त्यांनी पहिल्या रायफलीचा बोल्ट मागे ओढून, गोळीची जागा उघडी करून ती माझ्यापुढे धरली आणि म्हणाले, "बाई, बोट घाला."

आत गोळी नाही हे बोट घालून पाहायचे, मगच हत्यार हातात घ्यायचे, असा त्यांचा नियम होता. मी म्हटले, तुम्ही आत्ताच तर पाहिलेत.

"म्या पाह्यलं ते माह्यासाठी झालं. आता तुमी पाहा. माह्यावर भरवसा ठेवू नका."

त्या दिवशी मी चाळीस रायफलींत चाळीस वेळा बोट घातले, ते तेलाने काळे झाले. बाहेर प्रशिक्षणार्थी उभे होते. त्यांतला एक म्हणाला, बाई मतदान करून आल्यासारख्या दिसून राह्यल्या. श्रावणभाऊंनी त्याला आत बोलावले, त्याच चाळीस रायफलींत त्याच्याकडून बोट घालून घेतले आणि शेवटी विचारले, "झालं मतदान? आता जा." त्यानंतर केंद्रात माझी टिंगल करणाऱ्याला दोनदा विचार करावा लागे. ते माझी बाजू घेत होते असे मला तेव्हा वाटले नाही. माणसे विसरत जातात, म्हणून नियम सगळ्यांना सारखा, एवढेच ते सांगत.

त्यांच्या कामाविषयी लिहायचे तर एका दोराविषयी लिहावे लागेल. सुती दोर, पंचवीस मीटर लांब, दर पाच मीटरवर एक गाठ, शेवटची टोकाला. तो घेऊन ते रक्षकांबरोबर गस्तीवर जात. आर्मोररने जंगलात जायचे काही कारण नसते. ते रजा टाकून जात. चालताना रक्षकाला पहिल्यांदा जनावर दिसले की त्याला तिथेच उभा करत, जनावर गेल्यावर त्या जागेपर्यंत दोर टाकत आणि वहीत लिहीत : बांबू, दीड दोर. नाल्याचे पात्र, तीन दोर. मोहाखालची मोकळी जागा, सव्वातीन. धानाच्या बांधावरून, चार. भामरागडपासून ब्रह्मपुरीपर्यंतच्या जंगलांतल्या नोंदी त्या वहीत आहेत. चार दोरांच्या, म्हणजे शंभर मीटरच्या वर एकही नोंद नाही. आमच्या रानात त्याच्या पलीकडचे दिसतच नाही.

हे ते का करत होते ते नीट सांगते, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे.

रायफल 'झिरो' करावी लागते. नेम धरणाऱ्याची नजर सरळ रेषेत जाते. नळी त्या रेषेच्या खाली असते आणि किंचित वर तोंड करून बसवलेली असते. त्यामुळे गोळी खालून वर येते, नजरेची रेषा ओलांडते, काही अंतर रेषेच्या वरून जाते आणि मग खाली येऊन ती पुन्हा ओलांडते. हे दुसरे ओलांडणे कुठे व्हावे हे ठरवून साइट, म्हणजे नेम धरायची खूण, बसवायचा. मोकळ्या माळावर लढणाऱ्याने ते तीनशे मीटरवर ठरवले तर योग्य आहे. आमच्या केंद्रात ज्या आखूड रायफली, कार्बाइन म्हणतात त्या, आल्या त्या कुठल्यातरी तशाच मुलखातून बदलून आल्या होत्या. सगळ्या तीनशेवर बसवलेल्या.

आता यातली खोच अशी. तीनशेवर बसवलेली ही कार्बाइन पंचवीस मीटरवरही अगदी मध्यावर लागते, कारण तिथेच गोळी नजरेची रेषा पहिल्यांदा ओलांडते. आणि आमची चांदमारी, म्हणजे नेमबाजीची जागा, पंचवीस मीटरचीच होती. मागे तलावाची पाळ, त्यापलीकडे गावाची धानशेती, जास्त जागाच नव्हती. चांदमारीवर रायफल मध्यावर लागली की तपासणीच्या तक्त्यावर 'ठीक' लिहायचे, ही आमची रीत. जवळ ठीक, लांब ठीक. जिथे आमच्या रक्षकाला गोळी झाडावी लागणार, त्या दोन ते चार दोरांच्या पट्ट्यात ती वरून जाते, हे त्या चांदमारीवर कधी कळलेच नसते.

श्रावणभाऊंना कळले. त्यांनी एक कार्बाइन सुट्टीच्या दिवशी कोरड्या पडलेल्या तलावात नेली, तीन दोर मोजून कागद लावला आणि निजून पाच गोळ्या मारल्या. पाचही बिंदूच्या चार बोटे वर, एका रुपयाखाली झाकल्या जातील इतक्या जवळजवळ. मग त्यांनी त्या रायफलीच्या नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे पुढचा साइट, काढून तिच्या जागी जरा उंच माशी घासून बसवली. माशी उंच केली की नेम धरताना नळीचे तोंड खाली येते. पुन्हा तीन दोरांवर मारल्या, मध्यावर. चार दोरांवर मारल्या, मध्यावर. अशा चार रायफली त्यांनी केल्या.

त्यांना मी तेव्हा विचारले होते, हेच अंतर का निवडले. ते म्हणाले, "गोळी कुठवर जाते ते पाहून अंतर नाई ठरवत, बाई. पोरगा कुठून मारणार हाये ते पाहून ठरवा लागते."

पुढे वार्षिक तपासणी आली. चांदमारीवर सगळ्या रायफली मध्यावर लागल्या. श्रावणभाऊंच्या चार रायफली मात्र पंचवीस मीटरवर दोन बोटे खाली लागल्या. त्या तशाच लागायला हव्या होत्या. पण तक्त्यावर चुकीच्या ठरल्या चार, त्याही नेमक्या त्या चार, ज्या साऱ्या केंद्रात खऱ्या होत्या.

केंद्रप्रमुख साहेब संतापले. सरकारी हत्यारात परवानगीशिवाय फेरफार. त्यांनी माशा पूर्ववत करण्याचा तोंडी हुकूम दिला. श्रावणभाऊंनी वाद घातला नाही. दोन दिवसांनी एका पानाची टिपणी लिहून माझ्या टेबलावर आणून ठेवली. सोबत निशाणाचे दोन कागद टाचलेले, एक पंचवीस मीटरचा, एक पंचाहत्तरचा, एकाच न बदललेल्या रायफलीचे. पहिल्यावर भोके मध्यावर, दुसऱ्यावर चार बोटे वर. टिपणीत मागणी एवढीच होती की माशा बदलण्यापूर्वी साहेबांनी तीन दोरांवर स्वतः एकदा मारून पाहावे.

ती टिपणी आवक नोंदवहीत चढवणे हे माझे काम होते. मी ती चढवली नाही.

कारण सांगते. मला टिपणी चुकीची वाटली. गोळी नळीतून सुटली की खालीच पडत जाते, हे मी वर्गात शिकवत होते. मग पंचवीसवर मध्यावर लागलेली गोळी पंचाहत्तरवर वर कशी लागेल? आणि पंचवीसवर दोन बोटे खाली लागलेली पुढे मध्यावर कशी येईल? नळी वर तोंड करून असते हे मी विसरले. खरे तर विसरलेही नव्हते. सातवी शिकलेल्या माणसाने भौतिकशास्त्र मला कागदावर दाखवावे, हे मला रुचले नाही. मी तांबड्या शाईने समासात लिहिले : "पदार्थविज्ञानाच्या नियमाशी विसंगत. चाचणी अनधिकृत जागी. निरीक्षण अविश्वसनीय." मी त्यांना खोटारडे म्हटले नाही. शिकलेली माणसे हे असे म्हणतात.

त्यांनी शेरा वाचला. म्हणाले, "बाई, नळी डोयाच्या खाली असते. तिले वर पाहावंच लागते." मी म्हटले, ते मला शिकवू नका. ते म्हणाले, "शिकवत नाई. तुमी या, तुमी मारून पाहा. माह्यावर भरवसा ठेवू नका."

मी गेले नाही. तलाव कार्यालयापासून दहा मिनिटांवर होता.

टिपणी माझ्या कपाटात राहिली. माशा पूर्ववत झाल्या. चारही रायफली चांदमारीवर मध्यावर लागल्या आणि तक्त्यावर मी 'ठीक' लिहिले.

त्यांतलीच एक कार्बाइन घेऊन मनिराम मडावी भामरागडच्या बाजूला रुजू झाले. आज ते या समितीचे सचिव आहेत. तेव्हा चोवीस वर्षांचे रक्षक होते आणि आमच्या तुकडीतले सर्वांत चांगले नेमबाज. तेंदूचा हंगाम होता. ते आणि लालसू सकाळच्या गस्तीवर होते. लालसू नाल्यात पाणी भरायला उतरला आणि अस्वलाच्या पुढ्यात गेला. मनिराम काठावर होते. नाल्याचे पात्र, तीन दोर.

अस्वल लालसूच्या अंगावर होते. खाली माणूस, म्हणून मनिरामांनी गुडघा टेकून अस्वलाच्या पाठीच्या वरच्या कडेला नेम धरला. तोच बरोबर होता, आम्हीच तसे शिकवले होते. पहिली गोळी पाठीवरून गेली. त्यांनी श्वास धरून दुसरी मारली, ती पलीकडच्या दरडीत लागली. अस्वल बऱ्याच वेळाने आपणहून निघून गेले. तोवर लालसूचा डावा डोळा आणि गाल गेला होता. लालसू जगला. मनिराम त्याला पाठीवर घेऊन डांबरी रस्त्यापर्यंत चालत आले.

चौकशी आमच्याच केंद्रात झाली. ती कार्बाइन सगळ्यांसमोर पंचवीस मीटरवर मारून पाहिली. मध्यावर. त्यामुळे रायफल निर्दोष, रक्षकाचा हात हलला, असे ठरत आले. तेव्हा श्रावणभाऊ उभे राहिले आणि म्हणाले, पोराचा हात हलला नाही, रायफल तीन दोरांवर चार बोटे वर जाते. चौकशी अधिकाऱ्यांनी विचारले, तुम्हाला हे ठाऊक होते, तर लेखी का कळवले नाही? ते म्हणाले, कळवले आहे. अधिकाऱ्यांनी विचारले, कोणाकडे दिले?

मी तीन हात अंतरावर नोंदवही घेऊन बसले होते. श्रावणभाऊंनी माझ्याकडे पाहिले. केंद्रातल्या प्रत्येक रायफलीचा क्रमांक तोंडपाठ असलेला हा माणूस. म्हणाले, "आठवत नाई, सायेब."

मग मला विचारण्यात आले. मी उत्तर दिले, "आवक नोंदवहीत अशी नोंद नाही." यातला शब्दन् शब्द खरा होता.

दोष ठाऊक असून कळवला नाही म्हणून हयगय. शेरा बसला, आणि निवृत्तीला चार वर्षे उरली असताना त्यांची बदली कोरपन्याच्या बाजूला, एका बांबू आगारात बांबू मोजायला. मनिरामांना ताकीद मिळाली, कारण अहवालात त्यांचा हात हललेलाही होता आणि रायफलीत दोषही होता. दोन्ही एकदम कसे, असे कोणी विचारले नाही. अहवालाची स्वच्छ प्रत मी काढली. मीही विचारले नाही.

श्रावणभाऊ गेले त्या दिवशी तो दोर माझ्या टेबलावर ठेवून गेले. केंद्राच्या कामासाठी केलेली वस्तू केंद्रात राहावी, एवढेच म्हणाले.

आठवड्याने एका रविवारी मी तो दोर, एक कार्बाइन आणि दोन कागद घेऊन तलावात गेले. सोबत नवे आर्मोरर होते. त्यांना मी सराव असे सांगितले. तीन वेळा दोर टाकला. मला फारसे मारता येत नाही. पण निजून, वाळूच्या पोत्यावर टेकवून पाच गोळ्या मारल्या तर माझ्यासारखीच्याही एका जागी लागतात. लागल्या. कागदाजवळ जाऊन बिंदूच्या वर हात आडवा धरला. चार बोटे बरोबर बसली.

मी कोरपन्याला गेले. कपाशीच्या वावरांमधून, सिमेंटच्या धुळीतून बस पोहोचायला दुपार झाली. त्यांच्या पत्नी अनसूयाबाई दारात बसून जवस पाखडत होत्या. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली, पाणी दिले, आणि सूप खाली न ठेवता म्हणाल्या, "तुमचा राग नाई करत, बाई. पण ह्यायनं सांगतलं का नाई तुमाले? त्या दिवसापासून बंदुकीले हात नाई लावला. घरी विळ्याले धार सुदिक लावत नाई आता."

श्रावणभाऊ आले. मी त्यांना सगळे सांगितले. ते ऐकत होते. मग प्रश्न विचारू लागले. किती अंतरावरून? निजून की उभ्याने? वारा होता? कोणता क्रमांक? मी प्रत्येकाचे उत्तर दिले. त्यांनी मान हलवली. "मंग बराबर मारलं तुमी."

मी विचारले, चौकशीत माझे नाव का घेतले नाहीत?

ते म्हणाले, "तुमची बढती होऊन राह्यली होती. एका बाईनं त्या खुर्चीवर बसाचं, हे तिथं किती जणाले पाहवत नव्हतं तुमाले माहीत हाये. माहं बुडालंच होतं. अजून एक कायले बुडवाचं?" आणि मग म्हणाले, "माहं राहू द्या. मनिरामचं आधी सोडवा. त्याले वाटते त्याचा हात हालला."

श्रावणभाऊंच्या चांगुलपणाचे याहून मोठे उदाहरण माझ्याजवळ नाही. ते सांगताना मला अभिमान वाटत नाही. त्यांनी वाचवलेली ती बढती मला मिळाली. ती घेऊन मी निवृत्त झाले.

परत आल्यावर मी साहेबांना एक पत्र लिहिले. त्यांनी ते वाचून परत केले. प्रकरण बंद झाले आहे, ते उघडले तर तुमचीच नोंदवही उघडेल, असे ते शांतपणे म्हणाले. मी पत्र परत घेतले. साहेबांना आज दोष देणे सोपे आहे. ते हयात नाहीत. त्यांनी मला भीती घातली असे मी अनेक वर्षे स्वतःला सांगत आले. खरे असे आहे की ते जे म्हणाले तेच मला ऐकायचे होते. पत्र टिपणीवर गेले, टिपणी कपाटात, आणि निवृत्तीनंतर ते कपाटातले बाड माझ्या घरी आले. एकवीस वर्षे झाली.

या एकवीस वर्षांत दर हिवाळ्यात श्रावणभाऊंच्या वावरातली लाखोळीची डाळ, न भिजवता रोज खाल्ली तर पाय अधू करणारी, माझ्याकडे येत राहिली. बहुतेक वेळा कोणी ओळखीचा जीपवाला पिशवी ठेवून जाई. आत चिठ्ठी असे, डाळ रातभर भिजवून घ्याजा, पाणी फेकाजा. कधी एक शब्द जास्त नाही. मी ती डाळ शिजवली आणि खाल्ली. परत पाठवली असती तर कारण सांगावे लागले असते.

श्रावणभाऊंच्या मूल्यांविषयी लिहावे असे समितीच्या पत्रात म्हटले आहे. त्यांचे मूल्य एकच होते आणि ते पहिल्या दिवशीच त्यांनी मला सांगितले होते : स्वतः पाहा. आमच्या सगळ्या केंद्राने त्याच्या उलट वागायचे ठरवले होते. तक्त्यावर ठीक आहे ना, मग पाहायचे कशाला. ही सवय मोडली नाही. आज इतरत्र शिकवणारे आमचे जुने विद्यार्थी मला भेटतात. त्यांना मी विचारते, कार्बाइन किती अंतरावर बसवता? ते म्हणतात, बाई, चांदमारीवर मध्यावर लागते ना. या ग्रंथात ज्यांची नावे समिती म्हणून छापली आहेत, त्यांच्यातल्या तिघांनी मला हेच उत्तर दिले आहे. श्रावणभाऊंचा गौरव करायचा असेल तर शाल पुढच्या वर्षी द्या. आधी एक दोर विकत आणा.

गेल्या मंगळवारी मी मनिरामांना घरी बोलावले. जीवनपरिचयाचा मसुदा घ्यायला बोलावले आहे असे त्यांना वाटले. मी मेजावर चार कागद मांडले : समासातल्या माझ्या तांबड्या शेऱ्यासह टिपणी, श्रावणभाऊंचे निशाणाचे दोन कागद आणि माझा एक. कोणता कशाचा ते सांगितले. श्रावणभाऊंनी तेव्हा "माझे राहू द्या, मनिरामचे आधी सोडवा" म्हटले होते आणि मी ते केले नाही, हेही सांगितले.

मनिरामांनी माझा कागद उचलला. बिंदूच्या वर चार बोटे आडवी धरली. मग श्रावणभाऊंच्या कागदावर तशीच धरली.

"भाऊ दर साली सांगे का तुहा हात नाई हालला म्हणून. मले वाटे, माहं मन राखाले बोलते." मग त्यांनी समासातला तांबडा शेरा वाचला. "बाई, तुमी हे एकवीस साल कुठी ठेवलं होतं?"

मी म्हटले, कपाटात.

मी चहा ठेवला होता, तो त्यांनी घेतला नाही. उठताना म्हणाले, "लालसूले दाखवा लागंल. आता सालभऱ्यापासून त्याले दुसऱ्या डोयानं भी कमी दिसते. पयले त्याले दाखवतो." मग पोचपावतीवर सही करायला त्यांनी माझ्याकडे पेन मागितले. त्यांना ते देताना मी तांबड्या शाईचे नाही ना हे पाहून दिले.

जीवनपरिचयातले ते वाक्य मी खोडले आहे. त्या जागी काय लिहायचे ते समितीने ठरवावे. माझी सूचना एवढीच की जे झाले ते लिहावे.

पंचाहत्तरीला शतायुषी व्हा असे म्हणतात. मी म्हणते ते वेगळ्या कारणाने. मी खात्याकडे अर्ज केला आहे. खाते सावकाश चालते, हे मी तिथे आयुष्य काढल्याने जाणते. शेरा निघाल्याचे पत्र श्रावणभाऊंच्या हातात पडेपर्यंत त्यांची नजर धड राहावी, पाय चालते राहावेत, अनसूयाबाई सोबत असाव्यात, आणि ते पत्र दुसऱ्या कोणी वाचून न दाखवता त्यांनी स्वतः वाचावे. पत्राला दहा वर्षे लागली तर दहा, वीस लागली तर वीस. त्यानंतरची वर्षे त्यांनी शस्त्र, बांबू आणि कार्यालये यांच्यापासून दूर, वैनगंगेकाठच्या आपल्या गावी सुखाने घालवावीत.

सुपूर्द केलेल्या वस्तूंची नोंद :

एक. श्री. श्रावण रामटेके यांची हस्तलिखित टिपणी, एक पान, समासात माझ्या हातच्या तांबड्या शेऱ्यासह, मूळ प्रत. समिती सचिव श्री. मनिराम मडावी यांच्याकडे. पोच घेतली.

दोन. तिला टाचलेले निशाणाचे दोन कागद, पंचवीस आणि पंचाहत्तर मीटर. त्यांच्याकडेच. पोच घेतली.

तीन. मी स्वतः पंचाहत्तर मीटरवर मारलेला निशाणाचा एक कागद, मागे माझी सही. त्यांच्याकडेच. पोच घेतली.

चार. वरील सर्वांच्या साक्षांकित प्रती आणि शेरा रद्द करण्याबाबतचा माझा अर्ज, त्यात चौकशीत मी दिलेले उत्तर अपुरे होते व ते जाणूनबुजून अपुरे होते या कबुलीसह. खात्याच्या आवक टेबलावर. नोंदवहीत क्रमांक पडेपर्यंत मी समोर उभी होते. मी तो वाचून पाहिला.

पाच. सुती दोर, एक, पंचवीस मीटर. श्री. श्रावण रामटेके यांना त्यांच्या घरी समक्ष. त्यांनी तो अंगणात लांब पसरला आणि माझ्यावर भरवसा न ठेवता गाठी मोजून घेतल्या. पाच भरल्या.

— सुमन बोरकर